जुळीला विचारलं होतं

"पाच," देशकर सर म्हणाले. "यंदा तू पाच नंबरवर सुरुवात करशील."

जाई मडावीला आधी वाटलं, सर थट्टा करताहेत. ऑगस्टमधली दुपार होती, सराव नुकताच संपला होता आणि केसांतला घाम अजून तिच्या मानेवर ओघळत होता. पण सरांनी टेबलावरचा स्क्रीन तिच्याकडे वळवला तेव्हा ते हसत नव्हते.

बास्केटबॉलच्या संघात पाच जागा असतात आणि खेळाडू त्यांना नंबरानेच ओळखतात. एक नंबर चेंडू घेऊन येते आणि खेळ मांडते, दोन नंबर लांबून नेम साधते, तीन नंबर बाजूने धावत आत घुसते, चार नंबर आत-बाहेर दोन्हीकडे लढते, आणि पाच नंबर रिंगखाली उभी राहून सगळ्यांचे धक्के खाते. जाई सहा फूट एक इंच उंच होती, पायांत वेग होता, चेंडू हळुवार सोडणारा मऊ हात होता. यातलं जवळजवळ सगळंच तिला जमायचं. नागपूरच्या 'वैनगंगा' संघात तीन वर्षं ती कधी तीन, कधी चार अशी खेळत आली होती. तिला कुणी विचारलं असतं तर ती तीन म्हणाली असती. तोंड रिंगकडे, चेंडू हातात, समोर मोकळी जागा. पाच नंबरला रिंगकडे पाठ करून उभं राहावं लागतं आणि कुणाचं तरी कोपर कायम बरगडीत असतं.

"बघ," सर म्हणाले. "जुळीने दहा हजार मोसम खेळून काढले."

स्क्रीनवर तीन ओळी होत्या. बावीस सामन्यांपैकी सरासरी किती जिंकू, त्याचा हिशेब. जाई तीनवर खेळली तर अकरा. चारवर खेळली तर तेरा. पाचवर खेळली तर सतरा.

"सतरा म्हणजे फायनल," सर म्हणाले.

'जुळी' हे नाव खेळाडूंनीच पाडलेलं. कागदोपत्री तिला काहीतरी लांबलचक नाव होतं. पण ती होती जुळी बहीणच, फक्त तिला देह नव्हता. दोन हजार एकेचाळीसपर्यंत लीगमधल्या प्रत्येक संघाकडे आपापल्या खेळाडूंच्या जुळ्या होत्या. जर्सीत विणलेले तंतू खेळाडूचा श्वास आणि स्नायूंचा ताण टिपायचे, बुटाच्या तळव्यातून प्रत्येक उडीचा भार नोंदला जायचा, दर तीन महिन्यांनी सांध्यांच्या प्रतिमा काढल्या जायच्या. त्या सगळ्यातून यंत्र एक शरीर उभं करायचं, हाडं, कूर्चा, थकवा, सगळं धरून. मग हवामान खातं जसं एकाच दिवसाचं हवामान हजार तऱ्हांनी घडवून बघतं आणि मग अंदाज सांगतं, तसं यंत्र त्या शरीराला हजारो सामने खेळवायचं. जाईची जुळी तर ती पंधरा वर्षांची असल्यापासून वाढत होती. तेव्हा फॉर्मवर तिच्या बाबांनी सही केली होती आणि शेजारी पालक म्हणून दुसरी सही देशकर सरांची होती.

कारण तेव्हा ती त्यांच्याच घरी राहायची. बल्लारपूरच्या एका शाळकरी स्पर्धेत सरांनी तिला पाहिलं होतं, तेरा वर्षांची, पायात भावाचे बूट. दोन महिन्यांनी ते घरी येऊन बाबांना म्हणाले होते, "पोरगी माझ्याकडे द्या. माझ्या घरी जेवेल, माझ्या घरी झोपेल." चार वर्षं ती नागपूरला धंतोलीतल्या त्यांच्या घरी राहिली. सरांच्या पत्नी कुमुदकाकूंनी तिला भाकरी थापायला शिकवली आणि तिच्या दहावीच्या निकालाला पेढे वाटले. सर तिला कोर्टावर ओरडायचे तेवढेच घरी तिच्या ताटात वाढायचे.

म्हणून तिने फार वाद घातला नाही. एवढंच विचारलं, "गुडघ्याचं काय म्हणते जुळी? पाचवर डाव्या पायावर खूप भार येतो, सर."

सरांनी स्क्रीन बंद केला. "त्याची काळजी मी घेतो. तू खेळ."

ती खेळली.

सप्टेंबरात मोसम सुरू झाला आणि जुळीचं म्हणणं खरं होत गेलं. रिंगखाली जाई उभी राहिली की समोरच्या संघातल्या धिप्पाड पाच नंबरला कळेना, हिला थांबवायचं कसं. ती धक्का खायची, वळायची आणि समोरची भानावर येईपर्यंत चेंडू जाळीतून खाली आलेला असायचा. दिवाळीपर्यंत 'वैनगंगा' पहिल्या दोनांत होती. बावीस वर्षं प्रशिक्षण करून सरांना एकही विजेतेपद मिळालं नव्हतं आणि हा त्यांचा शेवटचा मोसम होता. ते सामन्यानंतर मुलींसारखे उड्या मारायचे. कप्तान निकिता टेंभरे तिच्या गळ्यात पडून म्हणायची, "जाई, तू आधी काहून नाही आलीस गं पाचवर?"

दर रविवारी जाई धंतोलीला जेवायला जायची. जेवण झालं की काकू तिला दिवाणावर बसवायच्या, वाटीत तेल कोमट करून आणायच्या आणि तिचा डावा गुडघा चोळून द्यायच्या. "खेळाडूचं शरीर आहे बाई, जपायला हवं," म्हणायच्या. जाईला ते फार आवडायचं. तिच्या आईला बल्लारपूरच्या दवाखान्यातल्या ड्युट्यांमधून अशी उसंत कधी मिळाली नव्हती.

डिसेंबरात गुडघा दुखू लागला. आधी फक्त सकाळी. मग जिना उतरताना. जानेवारीत सामन्यानंतर बर्फाच्या बादलीत पाय घालून बसल्याशिवाय तिला बस चढता येईना. तिने सरांना सांगितलं. सर म्हणाले, "मोसमाच्या शेवटी सगळ्यांचंच दुखतं. थोडंच राहिलंय आता." त्यांनी सराव अर्धा करून दिला आणि तिला वाटलं, सर जपताहेत आपल्याला.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात संघ फायनलला पोचला. फायनल रविवारी, नागपुरातच. बुधवारी दुपारी जाई सरावानंतर जिना उतरत होती, कठडा धरून, आडवी होऊन, एकेक पायरी. खाली फरहीन शेख उभी होती. फरहीन संघाची विश्लेषक होती. जुळ्यांचं यंत्र तीच चालवायची. कमी बोलणारी, कायम काखेत टॅब.

"चल माझ्या खोलीत," फरहीन म्हणाली.

खोलीत तिने दार लावलं आणि जाईला खुर्ची दिली.

"ऑगस्टमध्ये सरांनी तुला एक तक्ता दाखवला होता. किती रकाने होते?"

"एकच. जिंकण्याचा."

"तीन होते."

तिने टॅब पुढे सरकवला. पहिला रकाना जाईला ओळखीचा होता: अकरा, तेरा, सतरा. दुसऱ्यावर 'डावा गुडघा' असं लिहिलं होतं. तीन नंबरसमोर अकरा वर्षं. चारसमोर आठ. पाचसमोर दोन मोसम.

"दोन मोसम म्हणजे काय?" जाईने विचारलं. तिला कळलं होतं, तरी विचारलं.

"कूर्चा," फरहीन म्हणाली. "हाडांमधली गादी. तिला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे ती झिजली की पुन्हा भरत नाही. पाचवर तू उडी मारून खाली येतेस तेव्हा दुसरीचं वजन तुझ्यावर असतं आणि तू त्याच पायावर वळतेस. तुझ्या डाव्या गुडघ्याची ठेवण जरा वाकडी आहे, जन्मापासून. तीनवर खेळताना त्याने काही बिघडत नाही. पाचवर दोन मोसम. हा पहिला संपत आलाय."

जाईने तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. त्यात एकच आकडा होता, पाच नंबरच्या ओळीत. चौऱ्याण्णव टक्के.

"आणि हे?"

फरहीनचा आवाज खाली गेला. "जुळी नुसतं शरीर नसते, जाई. तू पंधराव्या वर्षापासून दिलेल्या मुलाखती, मानसतज्ज्ञांच्या प्रश्नांची उत्तरं, दुखत असताना मैदानात राहिलीस ते प्रसंग, सगळं त्यात आहे. त्यावरून ती निर्णयही सांगते. खेळाडूसमोर काय ठेवलं तर ती काय म्हणेल, हे कळावं म्हणून क्लबांनी ती सोय करून घेतली. सरांनी तिला दोन्ही रकाने दाखवले आणि विचारलं, पाचवर खेळशील का. ती शंभरातल्या चौऱ्याण्णव वेळा हो म्हणाली."

"तिला विचारलं?"

"हो."

"मला नाही विचारलं."

"नाही." फरहीनचे डोळे भरले होते. "मला सांगितलं होतं, हे फक्त सरांकडे जाईल. मी सात महिने गप्प बसले. आता तुला जिना उतरताना बघवत नाही."

जाईला तिची समजूत काढायची इच्छा झाली नाही. ती उठली आणि रिक्षा करून थेट धंतोलीला गेली.

काकूंनी दार उघडलं. "अगं, आज कशी काय? बुधवारी?" सर आत टेबलाशी फायनलचे डावपेच कागदावर मांडत बसले होते.

"सर, तिसरा रकाना काय होता?"

सरांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी नाकारलं नाही, ही एकच गोष्ट पुढे अनेक दिवस तिला त्यांच्या बाजूने सांगता आली.

"बस, जाई."

"उभी राहू शकते मी अजून."

"ऐकून तर घे. मी तुला फसवलं नाही. मी विचारलं होतं."

"कुणाला?"

"तुलाच. ती तूच आहेस. सात वर्षं मी बघतोय, ती तुझ्यापेक्षा वेगळं एकदाही बोलली नाही. ती नाही म्हणाली असती तर मी तुला तिथे उभी केली नसती, शप्पथ. पण ती हो म्हणाली. मग तुला सांगून काय झालं असतं? तू हो म्हणाली असतीस आणि प्रत्येक उडीला गुडघ्याची भीती मनात घेऊन खेळली असतीस. भीतीने पाय जास्त मोडतात. मी तुझी भीती वाचवली."

"माझा गुडघा नाही वाचवला."

सरांनी पुढ्यातले कागद बाजूला सारले. मग हळूच म्हणाले, "खरं सांग. मी ऑगस्टमध्ये तुझ्यासमोर सगळं ठेवलं असतं आणि म्हटलं असतं, जाई, माझा शेवटचा मोसम आहे, खेळशील? तर काय म्हणाली असतीस?"

हाच प्रश्न ती रिक्षात सगळ्या रस्ताभर टाळत आली होती. कारण उत्तर तिला ठाऊक होतं. या माणसासाठी ती हो म्हणाली असती. क्षणभरही न थांबता.

"हो म्हणाले असते," ती म्हणाली. "पण मी म्हणाले असते ना, सर! मी दिलं असतं तुम्हाला. तुम्ही ते उचलून नेलंत."

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पदराचं टोक त्यांनी मुठीत घट्ट धरलं होतं. त्यांच्याकडे बघताना जाईच्या डोक्यात एक गोष्ट आली आणि तिथेच अडकून बसली.

"काकू," ती म्हणाली, "तुम्ही सप्टेंबरापासून माझा डावाच गुडघा चोळताय. मला तर दुखायला लागलं डिसेंबरात."

काकूंनी मान खाली घातली.

"मी यांना म्हटलं होतं, पोरीला सांगा म्हणून," त्या कशाबशा म्हणाल्या. "मग मला वाटलं, निदान आपल्या हातून होईल तेवढं…"

सरांचं ऐकताना जाई रडली नव्हती. आता मात्र तिला तिथे उभं राहवेना. दाराशी तिने चपला पायात घातल्या. वाकून पट्टा लावताना गुडघ्यातून कळ गेली, म्हणून तिने तो तसाच सोडला.

"एवढंच सांगा," ती वळून म्हणाली. "मला हे कळलं तर मी रविवारी खेळेन का, तेही विचारलंय तिला?"

"अठ्ठ्याऐंशी टक्के," सर म्हणाले.

पुढचे तीन दिवस जाई खोलीत पडून राहिली. खेळायचं नाही, असं ठरवलं की वाटायचं, हे केवळ जुळीला खोटं पाडायला करतोय आपण. खेळायचं ठरवलं की वाटायचं, जुळीने सांगितलं तसंच वागतोय. काहीही ठरवलं तरी ती दुसरी आधीच तिथे जाऊन बसलेली असायची. शनिवारी सकाळी तिने आईला फोन लावला आणि सगळं सांगितलं. आई परिचारिका होती. गुडघ्याचं तिला फरहीनइतकंच समजलं. ती सरांना शिव्या देईल, असं जाईला वाटलं होतं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुले काय पाहिजे?"

सात महिन्यांत हा प्रश्न तिला पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं.

"मले तीनवर खेळायचं आहे," ती म्हणाली.

रविवारी सामन्याच्या आधी तिने सरांना गाठून तेच सांगितलं. तीनवर, नाहीतर नाही. सरांचा चेहरा उतरला. "तीनवर तू खेळलीस तर शंभरातल्या एकसष्ट वेळा आपण हरतो."

"मग हरू."

सरांनी सुरुवातीच्या पाचांत तिचं नाव घेतलं नाही. दोन क्वार्टर ती बेंचवर बसून होती. तिच्या जागी पाचवर उभी केलेली मुलगी बिचारी जीव तोडून खेळली, पण 'वैनगंगा' तेरा गुणांनी मागे पडली. लोक जाईच्या नावाचा पुकारा करायला लागले. तिसऱ्या क्वार्टरच्या मध्यावर सर तिच्यापाशी आले. तिच्याकडे न बघता म्हणाले, "जा. तीनवर."

त्या पंधरा-सोळा मिनिटांत गुडघा दुखत नव्हता असं नाही. पण चेंडू हातात होता, तोंड रिंगकडे होतं आणि समोर मोकळी जागा होती. ती धावली. कितीतरी महिन्यांनी तिला आपलं शरीर आपलं वाटलं. तिने एकवीस गुण केले. 'वैनगंगा' तीन गुणांनी हरली.

कपडे बदलायच्या खोलीत मुली बुटांच्या नाड्या सोडत होत्या. फरहीनने मुलींना सगळं सांगितलं होतं, त्यामुळे जाईवर कुणी चिडेल असं तिला वाटलं नव्हतं. पण निकिता तिच्यासमोर येऊन उभी राहिली. तिचे डोळे लाल होते.

"सरांनी तुझ्याशी वाईट केलं. मान्य," ती म्हणाली. "पण तू बुधवारपासून ठरवत होतीस. आम्ही दहा जणी होतो, जाई. आम्हाला एका शब्दाने तरी विचारायचंस."

निकिता बॅग उचलून निघून गेली.

एप्रिलमध्ये जाईने क्लब सोडला. करारात लिहिल्याप्रमाणे जुळी क्लबकडेच राहिली. जाईने ती पुसून टाकायची मागणी केली, ती नाकारली गेली. तिची जागा कुणाला द्यायची हे ठरवताना क्लबने जुळीलाच इतर मुलींशी खेळवून बघितलं, असं फरहीनने नोकरी सोडताना कळवलं. डॉक्टरांनी गुडघ्यात दुर्बीण घालून तुटके कण काढले आणि सांगितलं, जपून खेळलीस तर चार-पाच वर्षं. अकरातली चार-पाच.

मे महिन्यात ती बल्लारपूरला आईकडे होती. अकराच्या सुमारास उन्हाने रस्ता ओस पडलेला असताना फाटक वाजलं. दारात देशकर सर उभे होते. डोक्याला पांढरा रुमाल बांधलेला, अंगाने निम्मे झालेले. आईने त्यांना पाणी दिलं आणि कूलर त्यांच्याकडे वळवला.

सर पाणी प्यायले. ग्लास खाली ठेवताना तो टेबलाच्या कडेला लागून खणकन वाजला.

"मी जुळीला नाही विचारलं," ते म्हणाले. "तू मला माफ करशील का, हे. फरहीन जायच्या आधी म्हणाली होती, विचारून बघा, म्हणजे जायचं की नाही ते कळेल. मी नाही म्हटलं. मला ठाऊक नाही, तू काय म्हणशील. खरंच ठाऊक नाही. मी तुला विचारायला आलो."

त्यांनी मान वर केली. नऊ वर्षांत जाईने त्यांना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. सामना हातचा जाताना नाही, काकूंच्या ऑपरेशनच्या वेळीही नाही. आता ते घाबरून तिच्याकडे बघत होते.

तिला त्यांची दया आली. आपल्या ताटात वाढणाऱ्या त्यांच्या हातांची आठवण आली. हो म्हणणं सोपं होतं, एक शब्द, आणि हा माणूस या उन्हातून परत जाताना ताठ चालला असता. तिने तो शब्द शोधून बघितला. आत, खूप खाली, जिथे तो असायला हवा होता तिथे हात घालून बघितला.

"नाही, सर," ती म्हणाली.

सरांनी मान हलवली, जणू तिने एखादी अवघड चाल बरोबर सांगितली होती. उठले, आईला नमस्कार केला आणि फाटक स्वतःच लावून निघून गेले.

आई तिच्याजवळ येऊन बसली. दोन मिनिटांपूर्वी हे उत्तर जगात कुणालाच माहीत नव्हतं. तिलाही नाही.